आपल्या अक्षरातली यादी

एकहार्ट शनिवारी दुपारी आला, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं बाळाला नाही, आधी आपल्या चामडी बॅगेला हात घातला. थेक्लानं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. तिचे दोन्ही हात पिठात होते.

"आले गं तुझे लोक," ती भावजयीला म्हणाली. "सुनेकडे बाळ आहे. मुलाकडे बॅग आहे."

ओटिली आलुबुखारांच्या बिया काढत बसली होती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती या पाळकांच्या घरात लग्न होऊन आली, आणि तेव्हापासून घरातलं प्रत्येक भांडण टेबलक्लॉथखाली सारायचं काम तिनं इमानानं केलं होतं. "थेक्ला, आजचा आणि उद्याचा दिवस गप्प राहा. उद्या नातवाचा बाप्तिस्मा. चौदा माणसं जेवायला. मला काही नको दुसरं."

"मी कुठं काय बोलले?"

"तुझं पीठ बोलतंय. केवढं आपटतेस ते!"

थेक्लानं पीठ आणखी एकदा आपटलं.

बॅगेत काय आहे ते तिला ठाऊक होतं. मंगळवारीच पत्र आलं होतं, चर्चच्या वरच्या कार्यालयाकडून. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वह्या अगदी पहिल्यापासून तपासाव्यात, यहुद्यांतून आलेल्या प्रत्येक माणसाचं आणि त्याच्या आज हयात असलेल्या वंशजांचं नाव काढावं, दोन प्रती, सही-शिक्क्यासह. जिल्ह्याच्या कचेरीत एकहार्ट मोठ्या जागेवर होता, तेव्हा यादी तोच सोमवारी घेऊन जाईल असंही पत्रात होतं. तिच्या भावानं, पाळक गॉटहोल्ड टिलेमाननं, ते पत्र वाचून दौतीखाली ठेवलं आणि हो किंवा नाही काहीच म्हणाला नाही. गॉटहोल्ड नाही म्हणाला नाही की त्याचा अर्थ काय होतो, हे थेक्ला चौसष्ट वर्षं बघत आली होती. तो जन्मला तेव्हा ती दोन वर्षांची होती.

वह्या सात. तिच्याच खोलीत, लाकडी कपाटात. पहिली सोळाशे चौऱ्याण्णवची. वाइडेनरोडाच्या या चर्चमध्ये पणजोबा पाळक, आजोबा पाळक, वडील पाळक, आणि आता भाऊ. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांची अक्षरं तर घरचीच. पणजोबांचं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालत गेलेली. ते साऱ्या जिल्ह्यात एकट्या थेक्लाला वाचता येई. तिनं लग्न केलं नाही; ऑर्गन वाजवला आणि वह्या लिहिल्या. वडिलांनी शिकवताना बोटांवर पट्टी मारून सांगितलं होतं, आहे तेवढं उतरवायचं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही.

गेली चार वर्षं तर तिच्या दारात रांगच असे. नवं सरकार आलं आणि घराण्यात कुणी यहुदी नाही हे दाखवायला ज्याला त्याला आजोबा-आजीपर्यंतचे बाप्तिस्म्याचे दाखले लागायला लागले. बेकरला, पोस्टमनला, लग्न ठरलेल्या पोरींना. थेक्ला सुबक लपेटदार अक्षरात दाखले लिहून द्यायची. लोक काच लावून भिंतीवर टांगायचे, आणि तिला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटायचा.

मग पस्तीस साली वसंतात शाळामास्तर आर्नो विंटर आला. त्याच्या आजोबांच्या नोंदीशेजारी, समासात, थेक्लाच्या आजोबांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं की हा मनुष्य यहुद्यांतून आला, वय बावीस, पाणी घेताना रडला. थेक्लानं समासही उतरवला. आर्नोनं कागद वाचला, पुन्हा वाचला.

"थेक्लाबाई, हे पण लिहायलाच हवं होतं का?"

"आहे तेच लिहिते मी," ती म्हणाली होती. मान ताठ करून म्हणाली होती. महिन्याभरात त्याची शाळा गेली. बायको दोन मुलं घेऊन माहेरी गेली. तो कुठं गेला ते कुणी विचारलं नाही, आणि तो ज्या बाकावर बसायचा तिथं दुसऱ्याच रविवारी न्हाव्याची माणसं बसली.

*

कॉफीच्या टेबलावर पाच जणं होती. गॉटहोल्ड डोक्याशी. मोतीबिंदूमुळे तो हल्ली कपही चाचपून उचलायचा. ओटिली केक वाढत होती. एकहार्ट आपल्या आईच्या उजवीकडे. त्याची बायको इर्मा बाळाला मांडीवर थोपटत. आणि थेक्ला दाराजवळ, नेहमीच्या खुर्चीत.

एकहार्टनं दोन तुकडे खाल्ले, रुमालानं ओठ टिपले आणि छापील कागद काढून कपांच्या मधे ठेवला. "आत्या, तुझं एका संध्याकाळचं काम. बाकी कुणाला त्या वह्या वाचता येत नाहीत, माहीतच आहे तुला."

"कशाला हवी यादी?"

"कार्यालयीन बाब आहे."

"आर्नो विंटरची भाकरी गेली तीही कार्यालयीन बाबच होती."

"आत्या, विंटरचा विषय संपलाय."

"कुणाचा संपलाय? माझा नाही संपला."

ओटिलीनं घाईघाईनं क्रीमचं भांडं पुढं केलं. "एकहार्ट, घे ना रे. तुला आवडतं म्हणून केलंय."

गॉटहोल्ड खाकरला. प्रवचनाच्या सुरुवातीला खाकरायचा तसाच. "हे बघ थेक्ला, आपण कुणाबद्दल वाईट लिहीत नाही. वहीत जे आहे ते आहे. आपण फक्त खरं काय ते सांगायचं. पुढं सरकार त्याचं काय करतं ते सरकारनं देवासमोर निस्तरावं."

"छान," थेक्ला म्हणाली. "प्रभूला क्रुसावर देताना पिलातानंही हात धुवायला पाणी मागितलं होतं. तुझ्याकडे तर बाप्तिस्म्याचंच आहे."

"थेक्ला!" ओटिलीचा चमचा बशीवर पडला.

"असू दे, आई," एकहार्ट हसला. त्याचं हसू वडिलांसारखं गोड होतं. हेच थेक्लाला सहन व्हायचं नाही. "आत्या, तू आयुष्यभर या घराबाहेर पडली नाहीस. देश म्हणजे काय ते तुला ऑर्गनच्या बाकावरून दिसायचं नाही. आपण गुडघ्यावर आलो होतो. लोक कोबीच्या पाण्यावर जगत होते. आता कुठं हा देश उभा राहतोय. आणि चर्चनं बरोबर उभं राहायचं की कोपऱ्यात बसून नाकं मुरडायची?"

"बरोबर उभं राहायला कुणाला तरी पायाखाली घ्यावं लागतं का?"

"कोनराड कशासाठी मेला मग? सांग ना. माझा भाऊ कशासाठी मेला?"

कोनराडचं नाव या घरात फक्त त्याच्या वाढदिवशी निघे. सोळा साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो फ्रान्समध्ये मातीखाली गाडला गेला होता.

थेक्लानं हातातला काटा खाली ठेवला. रागानं तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "कोनराड का मेला ते सांगते. चौदा सालच्या ऑगस्टात याच चर्चमध्ये तुझ्या बापानं पोरांच्या बंदुकांना आशीर्वाद दिला. देव आपल्या बाजूनं आहे म्हणाला. मी वर बसून इतक्या जोरात ऑर्गन वाजवला की काचा थरथरल्या. पोरांच्या टोपीत डेलियाची फुलं होती, मीच खोवली होती काहींच्या. तेवीस गेली आणि अकरा आली. त्यांतही तिघं चालत नाही आली. आम्हाला कुणी जबरदस्ती केली नव्हती, एकहार्ट. आम्हाला आवडलं होतं ते. म्हणून तो मेला."

गॉटहोल्डची बोटं टेबलक्लॉथवर कप शोधत होती, आणि कप अगदी समोर होता. ओटिलीनं तो उचलून त्याच्या हातात दिला.

"पुरे कर आता," ती म्हणाली. पण थेक्लाकडे बघून म्हणाली की मुलाकडे, ते कळलं नाही.

"बरं, यादी राहू दे घटकाभर," एकहार्ट म्हणाला. "उद्याचं बोलू. डॉक्टर ब्राउनफेल्ड उद्या बाळाचे धर्मपिता म्हणून उभे राहणार नाहीत. मी त्यांना चिठ्ठी पाठवलीय."

इर्मानं थोपटणं थांबवलं. आतापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. "कधी पाठवलीस?"

"गुरुवारी."

"मला नाही सांगितलंस."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

"बाळंतपणात दोन दिवस मी मरणाच्या दारात होते तेव्हा तुझ्या कचेरीतलं कुणी आलं नव्हतं. डॉक्टरकाका त्या खुर्चीतून हलले नाहीत. पायात बूट तसेच."

"इर्मा, त्यांचे आजोबा—"

"मला त्यांच्या आजोबांचं काय करायचंय!"

आता ओटिलीही वळली. "अरे, तुझासुद्धा धर्मपिता हा डॉक्टर यूलियसच ना रे. आणि कोनराडला घटसर्प झाला तेव्हा त्यानं नळीनं आपल्या तोंडानं ओढून काढलं होतं सगळं. मी दिवा धरून उभी होते. आणि तू त्याला चिठ्ठी पाठवतोस? निदान जाऊन तरी सांगायचं."

"जाऊन सांगितलं असतं तर चाललं असतं का तुला?" थेक्लानं विचारलं.

ओटिली पुन्हा केक वाढायला लागली. तिचा राग असा अर्ध्यातच विझायचा.

सगळ्यांनी गॉटहोल्डकडे पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "यूलियसला मी समजावेन. तो समजूतदार आहे. बाप्तिस्मा उपासनेनंतर करू, मागच्या खोलीत, घरच्या घरी. तो आला तर दाराशी उभा राहील. वहीत त्याचं नाव आत्ता लिहायचं नाही. पुढं दिवस बदलले की लिहू." त्यानं बहिणीकडे तोंड वळवलं. "मी नाही म्हणालो तर ते मला काढतील थेक्ला, आणि माझ्या जागी असा कुणी पाठवतील की जो यादी आनंदानं करेल. हे लोक मग कुणाकडे जातील? मी इथं असलो तर थोडं तरी वाचवता येईल."

"चार वर्षांत कुणाला वाचवलंस?"

तो बशीतला केक चमच्यानं मोडत राहिला.

"एक नाव सांग, गॉटहोल्ड. एकच."

बाळ रडायला लागलं. इर्मा उठून खिडकीशी गेली आणि नवऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. थेक्लाही उठली. तिनं छापील कागद उचलला आणि घडी घातली.

"सोमवारी सकाळपर्यंत ना?"

"सोमवारी सकाळपर्यंत," एकहार्ट म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. "आत्या, मला माहीत होतं तू ऐकशील."

ओटिलीनं सुटकेचा श्वास टाकला आणि तिच्या बशीत केकचा आणखी एक मोठा तुकडा वाढला. थेक्लानं तो तिथंच ठेवला.

*

खोलीत जाऊन तिनं वह्या काढल्या नाहीत. गरजच नव्हती. एकोणीस नावं होती. तिला ती सगळी पाठ होती, सालासकट. हयात माणसं धरली तर त्रेचाळीस. पहिलं नाव अठराशे एकतीसचं, यूलियसच्या आजोबांचं.

तिनं छापील कागद समोर ठेवला आणि पेन बुडवलं. पहिल्या चौकटीत आकडा घालायचा होता. पेन टेकवताच तिला कळलं की हात तयार आहे. हेच भयंकर होतं. पन्नास वर्षांची सवय. कागद समोर आला की हात चालायला लागतो, सुबक, सरळ ओळीत. ती नको म्हणत असती तरी तो यादी लिहून मोकळा झाला असता, आणि यादी फार सुंदर झाली असती.

तिनं पेन खाली ठेवलं आणि तिला स्वतःचाच राग आला. भावाचा नाही, भाच्याचा नाही. "आहे तेच लिहिते मी." काय तोरा होता त्यात!

मग तिनं दुसरा कागद घेतला. रविवारच्या निवेदनांचा. प्रवचन झालं की पाळक मंडळीला निवेदनं वाचून दाखवायचा: कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, बायकांची बैठक कधी. तीस वर्षं हा कागद थेक्लाच लिहीत होती, आणि मोतीबिंदू वाढल्यापासून मोठाल्या अक्षरात. गॉटहोल्ड तो कधीच आधी वाचत नसे. डोळ्यांना त्रास एकदाच द्यायचा, असं म्हणायचा.

तिनं तीन साधी निवेदनं लिहिली. मग चौथं लिहायला घेतलं, ते पानभर झालं.

*

कापणीच्या आभाराचा रविवार होता. वेदीपुढं भोपळे, गव्हाच्या पेंढ्या, सफरचंदांच्या टोपल्या. डाव्या हाताला चार वर्षांपूर्वी येऊन बसलेला नवा झेंडा. पितळी घंगाळात बाप्तिस्म्याचं पाणी सकाळीच भरून ठेवलं होतं. चर्च भरलेलं होतं. या रविवारी कधीही न येणारेसुद्धा येतात.

वरून, ऑर्गनच्या आरशातून, थेक्लाला सगळं दिसत होतं. पहिल्या बाकावर एकहार्ट गणवेशात, शेजारी इर्मा, मांडीवर पांढऱ्या लांब झग्यातलं बाळ. आणि तिसऱ्या बाकावर डॉक्टर यूलियस ब्राउनफेल्ड, जुना काळा कोट घालून, छातीवर युद्धातलं पदक लावून. चिठ्ठी मिळूनही आला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल एवढी जागा रिकामी होती.

गॉटहोल्डनं प्रवचन केलं, पावसाबद्दल आणि धान्याबद्दल. कुणाला दुखेल असं त्यात काही नव्हतं. मग त्यानं निवेदनांचा कागद डोळ्यांजवळ धरला.

"श्मिट यांच्या घरी कन्या. विधवा कोलर प्रभूत विसावल्या. बायकांची बैठक गुरुवारी, येताना लोकर आणावी." तो पुढं गेला. "प्रिय मंडळी, चर्चच्या वरच्या कार्यालयानं आपल्याकडे एक यादी मागितली आहे. आपल्यापैकी कुणाचे वाडवडील यहुद्यांतून आले, ती..."

तो थांबला.

थेक्लानं आरशात पाहिलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढच्या ओळी त्याला दिसत होत्या. अक्षरं मोठाली होती. खाली एकहार्टची मान हळूहळू वर झाली.

"हा कागद," गॉटहोल्ड म्हणाला, "हा कागद माझ्या बहिणीनं लिहिलेला आहे."

बाकांवर कुजबुज उठली. लोकांनी वळून वर पाहिलं. थेक्ला ऑर्गनच्या बाकावर बसून राहिली आणि मनात म्हणाली, झालं. आता तो घडी घालेल. आता म्हणेल की तिची तब्येत बरी नसते.

"आणि मी तो वाचतो आहे," गॉटहोल्ड म्हणाला.

त्यानं कागद दोन्ही हातांनी धरला.

"ही यादी लिहिली जाणार नाही. याच अक्षरात गेल्या चार वर्षांत हजारावर दाखले लिहिले गेले, आणि त्यांतल्या एकामुळे शाळामास्तर आर्नो विंटर यांची भाकरी गेली. त्यांनी तुमच्या मुलांना वाचायला शिकवलं. त्यांच्यासाठी या मंडळीनं एक प्रार्थना केली नाही. ना पाळकानं, ना पंचांनी, ना ऑर्गन वाजवणारीनं. या पाण्यानं ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते सगळे एका घरचे आहेत. ज्यांचा झाला नाही, त्या शेजाऱ्यांच्या दुकानांच्या काचा फुटल्या तेव्हाही आपण बोलायला हवं होतं. आपण पडदे ओढून घेतले. देव क्षमा करील असं आपण म्हणतो. पण आधी आर्नो विंटरना शोधून त्यांची क्षमा मागायला हवी."

एकहार्ट उभा राहिला. "बाबा, बस करा."

"झालंच," गॉटहोल्ड म्हणाला. "एवढंच लिहिलंय."

"हे देशाच्या विरोधात आहे. तुम्हाला कळतंय का काय वाचलंत?"

"कळतंय. फार वर्षांनी या जागेवरून मी जे वाचलं ते मला कळलं."

मागून कुणीतरी ओरडलं, "शरम वाटायला हवी, पाळकसाहेब!" दुसरं कुणीतरी म्हणालं, "तू गप रे." बाकं करकरली. एकामागून एक माणसं बाहेर जायला लागली. काही रागानं गेली, काही नुसतीच खाली मान घालून, आपण इथं होतो हे कुणाला दिसू नये म्हणून. एकहार्टनं बायकोचा दंड धरला. इर्मा आधी उठली नाही. तिनं घंगाळाकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. मग बाळाचा झगा गोळा केला आणि नवऱ्यामागून गेली. दारापाशी ओटिली त्यांच्या मागं धावली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती एकटीच परत आली.

उरलेल्या तीस-बत्तीस माणसांसाठी थेक्लानं शेवटचं गीत वाजवलं. तिची बोटं दोनदा चुकली.

*

मागच्या खोलीत गॉटहोल्ड गळ्याखालच्या पांढऱ्या पट्ट्या सोडवत होता आणि त्याला गाठ सापडत नव्हती. थेक्लानं हात पुढं केला तर त्यानं झटकला.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाला असतास."

"हो. म्हणालो असतो." तो खुर्चीत बसला. "माझा नातू बाप्तिस्म्याविना गेला, थेक्ला. पाणी तसंच आहे तिथं. तू मला पुलावरून ढकललंस आणि वर म्हणतेस पोह."

"तू पोहलास."

"गप्प बस. आज तरी गप्प बस."

दारात यूलियस उभा होता. चेहरा पांढराफटक. थेक्लाला वाटलं, तो काही चांगलं बोलेल. सहासष्टाव्या वर्षी माणसानं इतकं खुळं असू नये.

"तुला कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला. "माझ्या जिवावर तू गावाला प्रवचन दिलंस."

"तुझं नाव मी घेतलं नाही, यूलियस."

"घ्यायला कशाला हवं? सगळ्या माना वळल्याच ना माझ्याकडे. उद्यापासून जे चार रोगी येत होते तेही यायचे नाहीत."

"चुकलं माझं. आधी तुला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मीही नाहीच म्हणालो असतो." त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग त्याचा आवाज उतरला. "आर्नोच्या वेळी मी मंडळीचा पंच होतो. बैठकीत विषय निघाला आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. माझ्या छातीवर पदक आहे, माझ्यापर्यंत कशाला येतंय, असं वाटलं मला. तुझ्यावर चिडू की स्वतःवर, तेच कळत नाहीये." तो गॉटहोल्डकडे वळला. "मान वर कर. गाठ मागं आहे." आणि त्यानं पट्ट्या सोडवून दिल्या.

त्या दिवशी चौदा माणसांचं जेवण चौघांनी जेवलं. ओटिली मधेच रडायची, मधेच सगळ्यांना वाढायची.

*

सोमवारी नऊ वाजता एकहार्ट आला. बरोबर कचेरीतले दोन लोक होते, एक गाडीवाला आणि एक तरुण कारकून. त्यानं आत्याकडे न बघता जप्तीचा हुकूम वाचून दाखवला. गॉटहोल्ड काळा पोशाख घालून दारात उभा राहिला होता. त्यानं पावती मागितली, ती मिळाली नाही, म्हणून तो बाजूला झाला नाही. गाडीवाल्यानं त्याला खांद्यानं सारलं. आपला मुलगा ते बघतोय हे गॉटहोल्डला दिसलं असावं, कारण त्यानं डोळे मिटले.

थेक्लानं कपाटाची किल्ली दिली. कारकुनानं पहिली वही टेबलावर उघडली आणि पानावर वाकला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग वर पाहिलं.

"हे... ही अक्षरं कुठली?"

"माणसांची," थेक्ला म्हणाली.

"आत्या," एकहार्ट दात आवळून म्हणाला, "पानं दाखव. तुला प्रत्येक नाव कुठं आहे ते माहीत आहे. अर्ध्या तासाचं काम आहे. नाहीतर यांना महिने लागतील."

"लागू देत."

"तुला धरून न्यावं लागेल मला. बाबांनाही. तुला वाटतं मी थांबवू शकतो?"

"शकतोस की नाही ते मला माहीत नाही. थांबवणार नाहीस एवढं दिसतंय." ती त्याच्या अगदी जवळ गेली. "नेतोस तर ने, एकहार्ट. पण मी बोट ठेवणार नाही. एका नावावर ठेवलं होतं, त्याला अडीच वर्षं झाली, अजून मला नीट झोप नाही."

कारकून अवघडून उभा होता. चांगल्या घरचा मुलगा दिसत होता. त्यानं आत येताना पाय पुसले होते. "बाई, मग सुरुवात कुठून करायची ते तरी सांगा," तो हळूच म्हणाला.

"पहिल्या पानावरून. एकेक नाव वाचायचं, मधलं गाळायचं नाही. चांभारांची आहेत, न्हाव्यांची आहेत, नाव ठेवायच्या आधीच गेलेल्या पोरांचीही आहेत. तुझं गाव कुठलं?"

त्यानं सांगितलं. शेजारचंच होतं.

"मग तुझेही निघतील कुणीतरी."

एकहार्टनं वही खाडकन मिटली आणि उचलण्याची खूण केली. त्यांनी एकेक करून वह्या गाडीत नेल्या. सहावी नेताना कारकून दम खायला पायरीवर थांबला, मागं वळून त्यानं शेवटची, सर्वांत जाड वही पाहिली आणि कपाळाचा घाम पुसला.

"बाप रे," तो म्हणाला. "एवढी माणसं?"

"दोनशे त्रेचाळीस वर्षांची आहेत," थेक्ला म्हणाली. "सगळी आमचीच."